चिऊचं वजन, तूप आणि रात्रीचा उपास

पत्र

माझी मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तिला एसएमए टाइप टू असल्याचं निदान झालं. ती बसते, पण चालत नाही. गेल्या वर्षापासून रिस्डिप्लाम हे औषध सुरू आहे. वजन साडेचौदा किलो. शाळेतल्या आरोग्य तपासणीत तिच्या कार्डावर ‘तीव्र कुपोषित’ असा शेरा आला आणि तेव्हापासून घरात रोज वाद आहे. सासूबाई तिच्या प्रत्येक घासावर तूप घालतात, दुपारी खवा देतात. मला मात्र दिसतंय की चिऊचं पोट सुटतंय आणि हातपाय तसेच काडीसारखे आहेत. संध्याकाळी सातला ती जेवते, मग सकाळी शाळेच्या गडबडीत अर्धा कप दूध, आणि दहाच्या सुट्टीत डबा. गेल्या पावसाळ्यात तिला उलट्या झाल्या. एक दिवस आणि एक रात्र पोटात काही ठरलं नाही. पहाटे ती घामाघूम झाली, हाक मारली तर नुसती बघायची. जवळच्या दवाखान्यात रक्तातली साखर ४८ निघाली. बाटली चढल्यावर तासाभरात बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खाऊ घाला. पालकांच्या एका ग्रुपवर कुणी परदेशी अमिनो अ‍ॅसिड पावडरीचा आहार सुचवलाय, डबा आमच्या आवाक्याबाहेर आहे पण कर्ज काढू. दिवाळीनंतर पाठीच्या कण्याचं ऑपरेशन आहे. हिला नेमकं किती भरवू, काय भरवू? आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

पत्रात तुम्ही लेकीला चिऊ म्हटलंय, मीही तेच म्हणते. तुमचं पत्र वजनाबद्दल आहे, पण वाचताना मी थांबले ती ४८ या आकड्यापाशी. वजनाचा वाद मिटवायला आपल्या हातात महिने आहेत. साखरेचं तसं नाही. ‘अशक्तपणा आहे, खाऊ घाला’ एवढ्यावर तो विषय संपत नाही, म्हणून आधी तोच घेते.

एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन वन हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, की मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. हे जनुक १९९५ साली फ्रान्समधल्या संशोधकांना सापडलं. त्याचं जवळजवळ हुबेहूब भावंड, एसएमएन टू, या पेशींना लागणारं एसएमएन हे प्रथिन बनवतं खरं, पण त्यातलं साधारण दहा टक्केच धड निघतं. तेवढ्यावर चिऊसारखी मुलं बसतात, बोलतात, शाळेत जातात. रिस्डिप्लाम याच भावंडाकडून जास्त काम करून घेतं. इथवरचं तुम्हाला तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं असणार. बऱ्याच घरांत पोहोचत नाही ते पुढचं. आजार नसांचा असला तरी एसएमएन हे प्रथिन शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागतं. त्यामुळे यकृत, स्वादुपिंड आणि चरबी जाळण्याची यंत्रणा इथेही या मुलांचं गणित थोडं वेगळं चालतं.

निरोगी मूल रात्री जेवून झोपलं की पहिले काही तास यकृतातला साखरेचा साठा रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतो. तो उतरला की यकृत नवी साखर बनवायला घेतं. तिच्यासाठी लागणारा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, मुख्यतः स्नायूंकडून येतो. स्नायू ही शरीराची धान्याची कणगी, अडीनडीला तिच्यातून काढायचं. चिऊची कणगीच लहान आहे. दुसरा मार्ग चरबी जाळण्याचा, त्यातून मेंदूला चालणारे कीटोन तयार होतात. पण एसएमएच्या अनेक मुलांमध्ये, विशेषतः तीव्र प्रकारात, तोही मार्ग अडखळतो. उपाशी असताना त्यांच्या लघवीत चरबी नीट न जळाल्याची खूण असलेली डायकार्बोक्सिलिक आम्लं उतरतात, चरबी जाळायला लागणारं कार्निटिन रक्तात कमी भरतं. दोन्ही वाटा अरुंद असताना एक दिवस आणि एक रात्र पोट रिकामं राहिलं, त्यात उलट्या. तुमच्या चिऊची साखर पहाटेच का घसरली, हे यावरून लक्षात येईल.

तरीही एक गोष्ट बजावून सांगते. एसएमए आहे म्हणून प्रत्येक गोष्टीचं खापर एसएमएवर फोडायचं नाही. ४८ हा आकडा सात वर्षांच्या मुलीत कुठल्याही कारणाने आला तरी त्याची चौकशी व्हायला हवी. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तो प्रसंग तारीखवार लिहून द्या. पुन्हा असं झालंच, तर साखर खाली असतानाच, बाटली लावायच्या आधी रक्त काढून ठेवायला सांगा. कीटोन, इन्शुलिन, कॉर्टिसोल, लॅक्टेट या तपासण्यांना खरा अर्थ त्याच वेळच्या रक्तात असतो. तासाभराने सगळं ठीक दिसतं आणि कारण हातातून निसटतं.

आता रात्रीचा हिशेब. संध्याकाळी सातला जेवण, सकाळी अर्धा कप दूध आणि दहाला डबा. मधलं दूध सोडलं तर हा पंधरा तासांचा उपास झाला, आणि तो रोज. उद्यापासून बदलायची पहिली गोष्ट हीच, तिला पैसे लागत नाहीत आणि डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. जेवण साताचंच राहू द्या, पण झोपण्यापूर्वी, नऊ-साडेनऊला, काहीतरी पोटात जाऊ द्या. नाचणीचं सत्त्व दुधात, दूध-पोह्यांची मऊ वाटी, दहीभात, मऊ इडली, काहीही, पण त्यात पिष्टही हवं आणि प्रथिनही. नुसतं साखरेचं पाणी किंवा बिस्कीट तासाभरात विरून जातं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात नाश्ता. शाळेच्या रिक्षाची घाई असेल तर अंघोळ शाळेतून आल्यावर घाला. अंघोळ पुढे ढकलता येते, नाश्ता नाही.

‘रात्री दूध दिलं की कफ होतो’ असं तुमच्याकडे कुणीतरी म्हणणारच. दुधाने छातीतला कफ वाढत नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी दाट लागतं, त्याने तसं वाटतं. मात्र या मुलांचा खोकला कमजोर असतो, शिवाय जठरातलं वर येण्याचा त्रासही असतो, म्हणून दूध पाजून लगेच आडवं करू नका. अर्धा-पाऊण तास टेकवून बसवा.

आजारपणातले नियम वेगळे. ताप, उलट्या, जुलाब किंवा न्यूमोनिया असताना चिऊचं पोट चार तासांपेक्षा जास्त रिकामं राहू द्यायचं नाही, दिवसा आणि रात्रीही. उठवून भरवा, दोन-दोन चमचे भरवा. एसएमएच्या काळजीबद्दल तज्ज्ञांनी २००७ साली एकत्र येऊन जी पहिली मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, त्यातही आजारी मूल दाखल झाल्यावर चार ते सहा तासांत त्याला पुरेपूर ऊर्जा मिळायला हवी, असं स्पष्ट म्हटलं आहे, मग ती तोंडाने असो, नळीने असो की शिरेतून.

इथे दोन गैरसमज सारखे आडवे येतात. पहिला ओआरएसचा. ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. ते पाणी आणि क्षार भरून काढतं, भूक नाही. ओआरएस चालू आहे म्हणजे पोटात काहीतरी जातंय, असं समजून निवांत राहू नका. त्याच्या जोडीला पेज, भाताची कांजी, केळं, दही चालू ठेवा. दुसरा गैरसमज ‘सलाईन’चा. आपण प्रत्येक बाटलीला सलाईन म्हणतो, पण नुसत्या सलाईनमध्ये मीठ-पाणी असतं, साखर नसते. चिऊला साखरेची, म्हणजे डेक्स्ट्रोज असलेली बाटली लागते. गेल्या वेळी तीच लावली असावी म्हणून ती तासाभरात बोलायला लागली. हे शब्द एका कागदावर, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी, तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर असू द्या : एसएमए टाइप टू, उपाशी ठेवू नये, आल्या आल्या साखर तपासावी, खाणं जात नसेल तर डेक्स्ट्रोज सुरू करावं. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे सगळं तुमच्या तोंडून ऐकायला वेळ नसतो, कागद वाचायला असतो. त्याच कागदावर आणखी एक ओळ घाला. या मुलांत स्नायू कमी असल्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यावरून मूत्रपिंडं ठीक आहेत असा निष्कर्ष काढू नये.

घरात ग्लुकोमीटर आणून ठेवा. रोज टोचायचं नाही, फक्त आजारपणात आणि गुंगी, घाम, थरथर, विनाकारण चिडचिड दिसली तर. सलग उलट्या होऊन काहीच ठरत नसेल किंवा साखर ७० च्या खाली असेल, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. मूल गुंगीत असेल तेव्हा तोंडात काहीही घालायचं नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. गिळण्याची ताकद आधीच कमी, त्यात शुद्ध अर्धवट, श्वासनलिकेत जातं. आणि तापात खाणं बंद असताना पॅरासिटामॉल दिवसचे दिवस आपल्या मनाने चालू ठेवू नका. स्नायू फार कमी असलेल्या मुलांत नेहमीच्या मात्रेतही यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. डोस आणि दिवस डॉक्टरांना विचारूनच.

आता वजन आणि त्या कार्डावरचा शेरा.

शाळेचा तक्ता चालणाऱ्या, पळणाऱ्या मुलांचा आहे. त्या मुलांच्या वजनात स्नायूंचा मोठा वाटा असतो. चिऊच्या वजनात तो वाटाच नाही. त्या तक्त्यावर तिला सरासरीच्या रेषेवर आणायचं ठरवलं, तर ती कमतरता कशाने भरून काढणार? स्नायू तर भरवून वाढत नाहीत. भरते ती चरबी. एसएमएच्या मुलांची शरीररचना मोजली तेव्हा हेच दिसलं : वजन-उंचीच्या गुणोत्तरावरून हडकुळी वाटणारी मुलंसुद्धा चरबीच्या प्रमाणात जास्तच भरली. पोट सुटतंय आणि हातपाय काडीसारखे, हे तुमच्या डोळ्यांनी टिपलं ते त्या कार्डापेक्षा खरं आहे.

जास्तीची चरबी या मुलांना नुसती दिसायला जड होत नाही. या आजारात बरगड्यांमधले स्नायू आधी थकतात आणि श्वासाचा भार पोटाच्या पडद्यावर, म्हणजे श्वासपटलावर येतो. पोट मोठं झालं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. कण्यावर ताण वाढतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होण्याची शक्यता वाढते. आणि उचलणारी तुम्ही आहात, तुमची पाठही मोजायला हवी.

मग किती भरवायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे १७०० कॅलरी सांगतो. चिऊला तेवढ्या लागणार नाहीत. निरोगी माणूस आडवा पडलेला असतानाही त्याच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा स्नायू खातात, हालचाल सुरू झाली की कितीतरी जास्त. चिऊचे स्नायूही कमी आणि धावपळही नाही. तिचा नेमका आकडा मी पत्रातून सांगणार नाही, सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका. इनडायरेक्ट कॅलरीमेट्री नावाची तपासणी श्वासातल्या वायूंवरून तो मोजते, मोठ्या रुग्णालयांत कुठे कुठे होते. ती मिळाली नाही तरी काम अडत नाही. तीन महिन्यांचा कल पुरे.

वजन करताना एकच काटा वापरा. तुम्ही तिला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजा करा. पाठीचा पट्टा काढून करा. पट्टा कधी घातलेला, कधी काढलेला असं झालं की आकडे बिघडतात आणि घरात उगाच रडारड होते. उंची उभं करून मोजता येत नाही आणि कणा वाकलेला असल्याने आडवीही खरी येत नाही, म्हणून दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर किंवा कोपर ते मनगट हाडाची लांबी मोजायला आहारतज्ज्ञांना सांगा. डेक्सा तपासणीत चरबी, स्नायू आणि हाडांची घनता एकदमच कळते, ऑपरेशनआधी ती एकदा करून घ्या. वर्षातून एकदा ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळीही बघा. उभं न राहणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, कपडे बदलतानाही मोडतात. वजन हळूहळू वाढतंय, कपडे सैल-घट्ट होत नाहीयेत, मूल दिवसभर तरतरीत आहे : ठीक चाललंय. दोन-तीन महिने वजन थांबलं किंवा उतरलं, तर मात्र ते कमी खाण्यामुळेच आहे असं धरू नका. चावताना थकते का, जेवायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, सकाळी डोकं दुखतं का, रात्री घाम येतो का? श्वासाला कष्ट पडत असतील तर ऊर्जा तिथे जळते. अशा मुलांना झोपेत बायपॅप, म्हणजे मुखवट्यातून श्वासाला जोर देणारं यंत्र, लावल्यावर वजन सुधारतं, ताटात काही न बदलता. वजनाचा आणखी एक उपयोग म्हणजे वीस किलोपर्यंत रिस्डिप्लामचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा खरा आकडा न्यूरॉलॉजिस्टना कळवत राहा. ते औषध दुधात कालवू नका, पिचकारीने थेट तोंडात आणि वर घोटभर पाणी.

तूप. मी तुपाच्या विरोधात नाही, वरणभातावर तूप नसेल तर सात वर्षांचं मूल जेवणारच नाही. पण एक चहाचा चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, आणि प्रत्येक घासाला थोडं थोडं म्हणता म्हणता दिवसाला सहा-सात चमचे कधी होतात ते कळत नाही. वर खवा. दुसरी अडचण म्हणजे चरबी जठरात जास्त वेळ रेंगाळते. या मुलांचं जठर आधीच सावकाश रिकामं होतं, मग पोट जड, आंबट पाणी वर, पुढच्या वेळची भूक नाही, आणि ‘बघ, काही खातच नाही’. शिवाय चरबी जाळण्याची वाट अडखळणारी आहे हे वर लिहिलंच आहे. त्याच कारणाने कीटो, म्हणजे भरपूर चरबीच्या, आहाराचा विचार कुणी सुचवला तर हात जोडून नको म्हणा. दिवसाला दोन-तीन चमचे तूप, जेवणात वाटून. खवा सणाला.

त्याऐवजी प्रत्येक वेळच्या खाण्यात प्रथिन आणा, थोडं थोडं पण रोज पाच-सहा वेळा. दाट मुगाचं वरण, दही, पनीर कुस्करून, तुमच्याकडे चालत असेल तर मऊ अंडं किंवा काटे काढलेला मासा, थालीपिठाच्या भाजणीची पातळ उकड, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली भाजी. अख्खे शेंगदाणे, चिवडा, चुरमुरे, फुटाणे तिला देऊ नका, ठसक्याचे पदार्थ आहेत. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून चालेल. टाइप टूच्या मुलांचा जबडा आखडत जातो, तोंड कमी उघडतं, म्हणून कडक घास टाळायचा आणि फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचा व्यायामही शिकून घ्यायचा. एका वेळी पोट तुडुंब भरायचं नाही, श्वासपटलाचं कारण तेच. बद्धकोष्ठ असेल तर त्यानेही पोट फुगून श्वास अडतो. पाणी वाढवा, भिजवलेल्या मनुका कुस्करून, पपई. कोंडा आणि इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय दिला तर त्रास वाढतोच.

अमिनो अ‍ॅसिड पावडरीसाठी कर्ज काढू नका. हा आहार अमेरिकेतल्या पालकांच्या गटांतून पसरला. काही मुलांना पोटाच्या त्रासात त्याने बरं वाटलं असेलही, पण त्याने ताकद वाढते किंवा आजार थांबतो, असं नीट तुलना करून कुणी दाखवलेलं नाही. चिऊला साधं प्रथिन पचतंय, मग आधीच पचवलेलं विकत कशाला घ्यायचं? कार्निटिनचंही तसंच. रक्तात कमी निघालं तर डॉक्टर देतील, आपण दुकानातून आणायचं नाही. स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिनचा एसएमएच्या मुलांवर प्रयोग झाला, २००७ साली निष्कर्ष आला : फायदा नाही. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध आणि कार्निटिन मिळूनही तपासले गेले, २०१० साली तेच उत्तर, उलट मुलांची वजनं वाढली, तीही नको तशी. दूधात घालायच्या ‘उंची-ताकदी’च्या पावडरी म्हणजे बहुतांशी साखर. स्नायूंसाठी म्हणून कुणी भस्मं, पुड्या दिल्या तर त्यांवर घटक लिहिलेत का ते पाहा, नसतील तर परत करा.

सासूबाईंना काय सांगायचं, असं विचारलंत. ‘तूप बंद’ असं काही सांगू नका. ज्या घरात मूल चालत नाही तिथे आजीच्या हातात भरवणं एवढंच उरतं, ते काढून घेतलंत तर त्या चोरून भरवतील. मी तुमच्या जागी असते तर रात्री साडेनऊचं खाणं पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवलं असतं. काय करायचं, किती पातळ, कुठल्या वाटीत, सगळं त्यांनी ठरवायचं, तूप तिथे एक चमचा. आणि पुढच्या भेटीला आहारतज्ज्ञांकडे त्यांनाही घेऊन जा. शाळेचा शेरा खोडून काढायला सुनेपेक्षा डॉक्टरांचं तोंड उपयोगी पडतं. शाळेलाही न्यूरॉलॉजिस्टचं एक पत्र द्या, की हिला हा तक्ता लावू नये.

मुंबईचं केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा.

राहिलं ऑपरेशन. भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं, ते खरंच आहे, पण ‘रात्री दहानंतर काही नाही’ हा सरसकट हुकूम चिऊला लावू देऊ नका. साधारण नियम असा की हलकं खाणं आणि दूध सहा तास आधीपर्यंत, आणि साखरपाणी किंवा गाळलेला सफरचंदाचा रस यासारखं पातळ, पारदर्शक पेय दोन तास आधीपर्यंत. भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटा, ४८ चा प्रसंग सांगा, आणि तीन गोष्टी विचारा. यादीत तिचा नंबर पहिला लागेल का? उपास सुरू झाल्यापासून डेक्स्ट्रोजची बाटली लावणार का? साखर किती तासांनी बघणार? यादी पुढे ढकलली गेली, जे आपल्याकडे हमखास होतं, तर तिला मधे काही द्यायचं की बाटली वाढवायची, हेही आधीच ठरवून घ्या. नर्सिंग स्टाफला परस्पर विचारू नका, भूलतज्ज्ञांच्या हातचं लिहून घ्या.

ऑपरेशननंतर खाणं कधी सुरू होणार हेही विचारा, आणि लवकर सुरू होईल असा आग्रह धरा. कणा सरळ झाल्याने पोटातल्या आतड्यांची जागा बदलते, काही मुलांना आठवडाभर उलट्या होतात, थोडंसं खाल्लं तरी पोट भरतं. तेव्हा नळीने भरवावं लागलं तर घाबरू नका, ती तात्पुरती सोय आहे. सरळ कण्याने उंची वाढलेली दिसेल आणि वजन-उंचीचं गुणोत्तर एकाएकी घसरेल, ती घसरण खरी नसते. वेदनाशामक औषधांनी बद्धकोष्ठ वाढतो. रेचक कोणतं आणि कधीपासून, ते घरी सोडण्याच्या कागदावर लिहून आणा.